एकच नट, दोन मारेकरी

प्रश्न : ‘जेमिनी मॅन’सारखी मारेकरी आणि त्याच्या तरुण क्लोनची झुंज कृष्णेच्या घाटावर मोबाइलवर चित्रित करायची आहे. एकच नट दोनदा कसा दाखवावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : २०१९च्या त्या चित्रपटातला तरुण विल स्मिथ मेकअपचा नव्हे, डिजिटल होता, त्या वाटेला जाऊ नका. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा अभिनय घ्या आणि एडिटिंगमध्ये मास्क लावून, म्हणजे एका टेकचा अर्धा भाग झाकून, जोडा. नटाने जोडाची रेषा ओलांडली की हात कापलेला दिसतो. खांबाची उभी कड जोडावर आली तर सांधा लपतो. वाहतं पाणी मात्र तिथे नकोच. दोन्ही टेक लगोलग घ्या, विशेषतः संध्याकाळी, नाहीतर सावल्या सरकतात आणि सगळी मेहनत वाया जाते. अंगाला अंग भिडतं तिथे बदली नट, पाठमोरा.