मेंढ्याच्या डोक्यामागे काय दिसतं?

प्रश्न : माझ्या फ्रेंच सासूबाईंनी लिऑनच्या घरातला तीन खणांचा जुना कमोड आम्हाला दिला. वर करडा संगमरवर, पुढच्या दोन कोपऱ्यांवर ब्राँझची मेंढ्याची डोकी. ती काळवंडली आहेत. संगमरवर उचलला तर खालच्या लाकडावर रीझनेर या जुन्या फर्निचर-कारागिराच्या नावाचा ठसा दिसला. हा खरंच सोळाव्या लुईच्या काळातला असेल का? आणि ब्राँझ पितळेच्या पॉलिशने घासू का?

उत्तर : बाकीच्या वाचकांनी हसू नये, फ्रान्समध्ये कमोड म्हणजे खणांचं बुटकं कपाट.

पॉलिशची बाटली उघडली असेल तर आधी बंद करा. पॅरिसमधल्या कार्यशाळेत मी नवी होते, तेव्हा किल्लीच्या भोकाभोवतीची एक पट्टी अशीच मन लावून घासली होती. फडकं पिवळं होत गेलं. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होतं ते सोनं. उस्तादांनी ते फडकं महिनाभर माझ्या टेबलासमोर खिळ्याला टांगून ठेवलं.

हे ब्राँझ नुसतं ब्राँझ नसतं. सोनं पाऱ्यात कालवून तो लगदा त्यावर थापायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन जातो, सोनं चिकटून राहतं. त्या वाफेने कारागिरांचे हात कापायचे, दात पडायचे. मग काही भाग अकीकाच्या दगडाने घोटून चमकवायचा, काही मुद्दाम निस्तेज ठेवायचा. 18व्या शतकातला मुलामाकार पिएर गुत्येर याच निस्तेज सोन्यासाठी नावाजला होता. घासलंत तर हा फरकच पुसला जाईल. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स.

ठशावर मी फारशी विसंबत नाही. जाँ-आँरी रीझनेर 1768 मध्ये उस्ताद झाला, पुढे राजघराण्याचं काम त्याच्याकडे आलं. एवढं मोठं नाव, म्हणून त्याचे खोटे ठसेही भरपूर. फर्निचर-कारागिरांच्या संघाचा 'जे. एम. ई.' हा ठसा शेजारी आहे का, तेवढं बघा. पण तोही खोटा मारता येतोच.

मला मेंढ्याची पाठ बघायला आवडेल. एखाद्या जाणत्या दुरुस्तीकाराकडून एक डोकं काढून घ्या आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, ते लिहून ठेवा. जुन्या स्क्रूचे आटे हाताने कापलेले, वेडेवाकडे असतात. एकाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. मागची बाजू ओबडधोबड आणि सोनं कडेला ओघळलेलं दिसलं तर पाऱ्याचा मुलामा. मागेही सगळीकडे एकसारखं सोनं असेल तर बहुधा विजेचा, म्हणजे 1840 नंतरचा. अर्थात ब्यूर्देलीसारखी 19व्या शतकातली फर्निचर बनवणारी घराणीही पारा वापरत, तेव्हा एवढ्यावर हुरळून जाऊ नका.

डोक्याखालचं लाकूडही बघा. रंगवलेलं व्हीनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, उजेडाने विटून तपकिरी होतं. ब्राँझखाली मात्र मूळ रंग झाकला राहतो. तिथे एखादं जास्तीचं भोक असेल तर ही डोकी नंतर बसवलेली असू शकतात.

कमोड 19व्या शतकातली नक्कल निघाला, तरी तो हलका समजू नका. तेव्हाच्या उत्तम नकला आज संग्राहक आवडीने घेतात. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.