आप्पांचा सिनेमा

‘सासरे उठता-बसता सिनेमाचंच बोलतात. घरात तो विषयच बंद करावा का?’ विश्रामबागेत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका सुनेचा हा प्रश्न. असं विचारणारी घरं सांगलीत कमी नाहीत. नाटकवेडं गाव आहे. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ऐंशीच्या दशकात दोन ग्रामीण चित्रपटांत नायकाच्या भावाचं काम केलं. एक बरा चालला. जत्रेत सत्कार, फेटे झाले. पुढे कामं आटली, मुंबईत जम बसेना, तेव्हा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी झाले. आता रोज संध्याकाळी क्वार्टर आणि फोटोंचा अल्बम.

सिनेमाआधी दारूचं बघावं लागलं. मुलानं रागानं बाटली मोरीत ओतली होती. दुसऱ्या दिवशी आप्पांचे हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ, औषधं, मग माझ्याकडे.

‘भगवानदादांचं काय झालं, ठाऊक आहे ना?’ आप्पांनी पहिल्याच भेटीत मला सुनावलं. नट-दिग्दर्शक भगवानदादांचा गाजलेला ‘अलबेला’ १९५१ चा. पुढे बंगला, गाड्या गेल्या, अखेरचे दिवस दादरच्या चाळीत. खरंच आहे ते. पण पडत्या काळातही दादा वर्षानुवर्षं छोट्या भूमिका करत राहिले, हे आप्पा सांगत नव्हते. मीही तेव्हा बोलले नाही. विचारलं, ‘बैलगाडी पळवायचा सीन कसा केलात?’ गडी खुर्चीत सावरून बसला. कासरा कसा धरला, कॅमेरा कुठे होता, अर्धा तास तेच. मग हळूच म्हणाले, ‘यार्डातली पोरं हिरो म्हणून हाका मारतात, ते टोचतं. घरात तर कुणी पिक्चर बघितलापण नाही.’

सुनेला म्हटलं, विषय बंद करू नका. पिक्चर बघा, आणि आप्पा शुद्धीत असताना कामाचं विचारा. दारूच्या वेळेला मात्र त्या गप्पांना बसू नका.

अजून अधूनमधून घसरतात. सध्या घरात वेगळाच वाद आहे. ज्येष्ठ कलावंतांना सरकारकडून महिना ५००० रुपये मानधन मिळतं, सुनेला अर्ज करायचाय. आप्पा म्हणतात, ‘दोन पिक्चरवर कसला कलावंत?’ ती म्हणते, ‘तुम्ही जत्रेत केलेली नाटकं कोण धरणार मग?’