पन्हाळ्याची तटबंदी शिवाजी महाराजांनी बांधली का?

नाही, पन्हाळ्याची तटबंदी मुळात महाराजांच्या आधीची आहे. गड वसवला शिलाहार राजा दुसरा भोज याने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. आज दिसणारा तट आणि 'तीन दरवाजा' नावाचं प्रवेशद्वार मुख्यतः आदिलशाहीतलं; तीन दरवाजावर फारसी शिलालेखच आहे. महाराजांनी गड १६५९ मध्ये घेतला, पुढच्याच वर्षी तो गेला आणि १६७३ मध्ये त्यांनी तो पुन्हा मिळवला. मात्र सगळंच जुनं नाही: ताराराणींचा वाडा मराठेशाहीतला. 'चार दरवाजा' हे दुसरं प्रवेशद्वार तर १८४४ च्या गडकऱ्यांच्या (गड राखणाऱ्या शिबंदीच्या) बंडानंतर इंग्रजांनी पाडला, ही फार मोठी हानी. २०२५ पासून गड जागतिक वारशात आहे, पण वरती गावही नांदतं, म्हणून जतन इथे जास्त अवघड.