एलव्हीएनवरून आरएन व्हायला ३० युनिटांचा रस्ता घेऊ का? आणि अनुभव असताना रेसिडेन्सी कशाला?

तुम्ही कॅलिफोर्नियात एलव्हीएन, म्हणजे आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) खालच्या लायसन्सवाल्या नर्स आहात, स्निफमध्ये, म्हणजे आजारी-वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आणि विचारताय की एडीएनला, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातल्या नर्सिंगच्या पदवीला जावं, की कॉलेजचे ३० युनिटांचे कोर्स तेवढे उरकून थेट एनक्लेक्स-आरएनला, आरएनच्या लायसन्सच्या परीक्षेला बसावं. शिवाय इतक्या अनुभवावर न्यू-ग्रॅड रेसिडेन्सी, म्हणजे नव्या आरएनसाठीचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, हा कमीपणा नाही का. माझं मत: एडीएनला जा, आणि रेसिडेन्सी मिळाली तर दोन्ही हातांनी घ्या. ३० युनिटांचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर आज सुट्टी आहे आणि धुण्याचा ढीग पडलाय.

या ३० युनिटांपायी आमच्या घरातली एक अख्खी दिवाळी नासली होती.

मी मूळची साताऱ्याची, बी.कॉम. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आले. २०१५ साली आमच्यासारख्या काही एच-४ बायकांना कामाची परवानगी मिळायला लागली, आणि ती हातात पडल्यावर मी अ‍ॅडल्ट स्कूलमधून एलव्हीएन केलं. अकाउंटिंग का नाही केलंस, असं लोक अजून विचारतात. आवडत नव्हतं म्हणून. रात्रपाळीला मेड कार्ट ढकलायची, इन्सुलिन, ड्रेसिंग, जी-ट्यूब, घाबरलेल्या म्हाताऱ्यांची समजूत, सगळं करायचे. पण पिक लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या लांब नळीतून अँटिबायोटिक लावायची वेळ आली की आरएनला हाक. नवीन पेशंट आला की पहिली तपासणी आरएनची. यात अपमान कसला, लायसन्सच तेवढं आहे. पण रोज हाका मारून माणूस कंटाळतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तर त्या दिवाळीत मी जाहीर केलं की कम्युनिटी कॉलेजात एडीएनसाठी अर्ज करतेय. आमचे भाऊजी सनीव्हेलला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी चकल्यांचं ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला. डावीकडे ३० युनिटं, युनिटाला ४६ डॉलर, एकूण १३८०. उजवीकडे माझा रस्ता: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इंग्रजी, सायकॉलॉजी, मग प्रवेशाची टीज परीक्षा, मग नंबर लागायची वाट, मग प्रोग्राम. खाली लाल अक्षरांत ‘बुडालेला पगार’. आकडा मोठाच होता. म्हणाले, “वहिनी, परीक्षा तीच, लायसन्स तेच, नावापुढची अक्षरं तीच. मग हा हौसेचा खर्च कशाला?” जाऊबाईंनी री ओढली की आता चाळिशी आली, मुलांच्या अभ्यासाकडे कोण बघणार. मुलांचे बाबा समोरच बसून करंजी खात होते, पण त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

मी कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाची माहिती वाचून गेले होते. ३० युनिटांची सोय कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली आहे. तुम्ही एनक्लेक्स-आरएन देता, लायसन्सही मिळतं, पण पदवी मिळत नाही. बोर्डाच्या दप्तरी तुम्ही ‘नॉन-ग्रॅज्युएट’ म्हणून लागता आणि पुढे तो शेरा बदलून मिळत नाही. दुसरी राज्यं असं लायसन्स नाकारू शकतात, हे बोर्ड स्वतःच आधी सांगतं. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांना नर्सिंग स्कूलमधून पास झालेली आरएन लागते, म्हणजे तेही दार बंद. पुढे बीएसएन, म्हणजे नर्सिंगची वरची पदवी करायची म्हटलं तर आरएन-टू-बीएसएनवाले पहिला प्रश्न विचारतात की एडीएन कुठून केलं.

हे सगळं ऐकून भाऊजी म्हणाले, “पण कॅलिफोर्निया सोडून जातंय कोण?”

सासूबाई व्हिडिओ कॉलवर ऐकत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, बी.एड. त्यांनी दोन पोरं झाल्यावर केलेलं. त्या लेकालाच म्हणाल्या, “शिकतेय तर शिकू दे की, तुझ्या बापाचं काय जातंय?” तिथे विषय संपला, पण फराळ कुणालाच गोड लागला नाही.

एक गोष्ट भाऊजींच्या हिशोबात साफ चुकलेली होती. एलव्हीएनला एडीएनमध्ये पहिल्या वर्षापासून बसावं लागत नाही. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट असते: उन्हाळ्यात एक ट्रान्झिशनचा कोर्स, मग थेट दुसरं वर्ष. प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधीचे विषय, मी नोकरी सांभाळून एकेक करत संपवले. दमछाक झाली, खोटं कशाला बोलू. क्लिनिकलचा दिवस आणि स्निफची रात्र लागून आली की गाडी पार्किंगमध्ये लावून तिथेच झोपायची.

आणि मग, पास होऊन, रेसिडेन्सी संपवून बसते न बसते तोच नवऱ्याची अख्खी टीम कंपनीने ऑस्टिनला हलवली.

टेक्सासने ट्रान्सक्रिप्ट मागितली, बोटांचे ठसे घेतले, त्यांच्या नर्सिंग कायद्याची परीक्षा द्यायला लावली, आणि लायसन्स दिलं. पदवी होती म्हणून. ३० युनिटवाली असते तर मी कॅलिफोर्नियात आणि संसार टेक्सासात. भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणतात, “वहिनी, ही एज केस आहे,” म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट. ज्यांच्या वडिलांच्या बँकेने आयुष्यभर गावोगाव बदल्या केल्या, त्यांनी बदलीला एज केस म्हणावं!

असो. रेसिडेन्सीचं.

‘मला काय शिकवणार ही पोरं’ हा विचार आमच्या स्निफमधल्या एका अनुभवी मैत्रिणीचाही होता. आरएन झाल्यावर ती तिथेच राहिली, वर्षभर करून मग हॉस्पिटल बघू म्हणून. इथेच लोक फसतात. न्यू-ग्रॅड रेसिडेन्सीच्या बहुतेक जाहिरातींत अट असते की आरएन म्हणून एक वर्षाहून कमी काम झालेलं हवं. एलव्हीएनची वर्षं त्यात धरत नाहीत, हे आपल्या फायद्याचं. पण स्निफमध्ये आरएन म्हणून वर्ष काढलंत की तुम्ही न्यू-ग्रॅड राहत नाही, आणि हॉस्पिटलच्या दुसऱ्या जागांना ॲक्यूट केअरचा, म्हणजे हॉस्पिटलातल्या गंभीर पेशंटांचा अनुभव लागतो, जो तुमच्याकडे नसतो. म्हणजे ना इकडच्या ना तिकडच्या.

नव्या नर्सेस पहिल्याच वर्षी नोकऱ्या सोडून जायच्या म्हणून ही सोय निघाली. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९९९ मध्ये एक सुरू झाली, २००२ पासून विद्यापीठांच्या हॉस्पिटलांनीही तशी योजना चालवली. साधारण वर्षभराची असते. आधी काही आठवडे प्रीसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्या नर्सच्या बरोबरीने पेशंट सांभाळायचे, मग स्वतंत्र, आणि महिन्यातून एकदा सगळी बॅच वर्गात. माझी प्रीसेप्टर वयाने माझ्या भाचीएवढी. लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी मी एलव्हीएन म्हणून रोज वाटायचे. तेच औषध शिरेतून देताना हळू, मिनिट-दोन मिनिटं घेऊन ढकलायचं, आधी पोटॅशियम बघायचं, डोस मोठा असेल तर घाईने कानावर परिणाम होऊ शकतो, हे तिने हात धरून शिकवलं. ऑपरेशनहून आलेला पेशंट ताब्यात घेणं, पहाटे तीनला डॉक्टरला उठवून चार वाक्यांत नेमकं सांगणं, हेही स्निफमध्ये माझ्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

पण एका ॲडमिशनला पेशंटला कुशीवर वळवताना टाचेवरचा काळसर डाग मी पाहिला. बॅचमधल्या मुलींना तो मळ वाटला. स्निफवालीला तो मळ वाटत नाही, तो बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम. मी तेव्हाच फोटो काढून, मोजून चार्टिंग केलं. २००८ पासून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, हॉस्पिटलात झालेल्या मोठ्या बेडसोरचे जादा पैसे देत नाही, त्यामुळे जखम येतानाच होती हे पहिल्याच पाळीत लिहिलेलं असणं सोन्याच्या मोलाचं. पुढच्या वर्गात प्रीसेप्टरने मलाच त्यावर बोलायला लावलं. तेव्हा अनुभव फुकट जातो वगैरे मनातून काढून टाका. तो पगाराच्या पायरीत धरत नाहीत, हे मात्र खरं. तुम्ही न्यू-ग्रॅडच्याच पगारावर लागता.

आता दुसरी बाजू, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल, घर तिथेच, हलायचं नाही, हॉस्पिटलात जायचंच नाही आणि स्निफमध्येच सुपरवायझर व्हायचं असेल, तर ३० युनिटं चुकीची नाहीत. तरी कॉलेजात जागा उरली तरच घेतात, ते आधी विचारा. रेसिडेन्सीसाठीही झुंबड असते, काही हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांनाच पुढे घेतात, त्यामुळे लहान गावांतही अर्ज टाका. आणि टेक्सासला यायचा विचार असेल तर पगार कमी धरा. शिवाय कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्सला पेशंट किती याला कायद्याची मर्यादा आहे, इथे तसा आकडा नाही, ते पहिल्याच आठवड्यात पाठीला कळतं.

काउन्सेलरकडे जाल तेव्हा ‘एलव्हीएन ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हेच शब्द वापरा, नाहीतर ते तुम्हाला पहिल्या वर्षाच्या रांगेत उभं करतात. जुने सायन्सचे कोर्स किती वर्षांपर्यंत चालतात तेही त्याच भेटीत विचारा, कॉलेजागणिक नियम वेगळा. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबच्या जागा सगळ्यांत आधी भरतात, नोंदणी उघडेल त्या दिवशीच नाव घाला.