एचआयव्हीच्या एका गोळीत तीन औषधं का? रिपोर्ट चांगला आल्यावर ती बंद करता येते का?

तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये विषाणू 'सापडला नाही' असं आलंय, म्हणून तो गोळी बंद करायची म्हणतोय. आधी त्याचंच सांगतो: बंद करू देऊ नका.

मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, समुपदेशक आहे. हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो.

उपचार नसताना हा विषाणू रोज स्वतःच्या अब्जावधी प्रती काढतो आणि नक्कल करताना चुकतो. त्या चुकांतूनच एखादी प्रत अशी निघते, की तिला औषध लागू पडत नाही. नुसतं लॅमिव्ह्युडीन हे एकच औषध दिलं तर विषाणूला एकच बदल पुरतो, काही आठवड्यांत औषध बोथट होतं. १९८७ साली आलेल्या एझेडटी या पहिल्या औषधाचं तेच झालं. माणूस सावरायचा, वजन वाढायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा ढासळायचा. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तिन्ही औषधांना एकदम चकवणारी प्रत तयार होणं जवळजवळ अशक्य असतं.

भाऊ सरकारी केंद्रातून औषध घेत असेल तर त्याची गोळी बहुधा टीएलडी, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, असेल. त्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडीन विषाणूला त्याच्या स्वतःच्या आरएनएचा (म्हणजे त्याच्या जनुकीय माहितीचा) डीएनए करू देत नाहीत. तरीही झालाच, तर डोल्युटेग्राविर त्याला आपल्या पेशीच्या डीएनएत शिरू देत नाही.

मात्र आधीच शिरलेला विषाणू काही पेशींत झोपून असतो. तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही आणि औषधही त्याला तिथून काढू शकत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत वाढतो. मनाला येईल तेव्हा गोळी घेणं त्याहून धोक्याचं, कारण रक्तात औषध अपुरं असताना विषाणूला प्रतिकार कमवायची संधी मिळते.

'सापडला नाही' ही बातमी आनंदाचीच आहे! विषाणू असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी नवरा-बायकोला समोर बसवून मुद्दाम सांगतो.

अँटासिड चालू असेल किंवा टीबीचं औषध सुरू होणार असेल तर डॉक्टरांना आधी कळवा. टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस लागतो.

आणि गोळी का सोडायची म्हणतोय, ते त्याला शांतपणे विचारा. कुणी डबी बघेल या भीतीनं गोळ्या चुकवणारे मी पाहिलेत. तसं असेल तर त्याला सेंटरवर घेऊन जा. ही गोळी जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून त्याला सोयीची वेळ ठरवता येईल.