कॅम्पस कोणत्या गावात आहे, ते आधी बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली यादी वाचली. उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ तांत्रिक विद्यापीठाचे तीन अभ्यासक्रम त्यात आहेत आणि तिन्हींपुढे गाव म्हणून लुलेओच लिहिलं आहे. ते आधी दुरुस्त कर. मुख्य कॅम्पस लुलेओत आहे खरा, पण संगीत आणि माध्यमांचे विषय पीतेओत शिकवतात, लाकूड तंत्रज्ञान शेलेफ्तेओत, तर अवकाशाचे विषय किरुनात. किरुना लुलेओपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. रोजचं येणं-जाणं तिथे शक्यच नाही. तेव्हा तू विद्यापीठ नव्हे, गाव निवडत असणार आहेस.

शेलेफ्तेओ सोडून बाकीची गावं ज्या नोरबोत्तेन प्रांतात आहेत, तो आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ एक तृतीयांश, आणि लोकवस्ती अवघी अडीच लाखांच्या घरात. अशा ठिकाणी विभाग लहान असतात. ऐच्छिक विषय पुस्तिकेत छापलेला असतो, पण पुरेशी मुलं आली नाहीत तर तो सुरू होत नाही. एखादे प्राध्यापक निवृत्त झाले की कधी कधी त्यांची शाखाच थांबते. म्हणून कार्यक्रम समन्वयकांना थेट लिही: गेल्या दोन वर्षांत कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्ष शिकवले गेले? सक्तीचे सगळे विषय त्याच गावात होतात का? प्रबंध कोणत्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत करता येतो? उत्तर मोघम आलं तर तो अभ्यासक्रम यादीत खाली ने.

माझं मत स्पष्ट आहे. इतक्या उत्तरेला जाणं तेव्हाच सार्थकी लागतं, जेव्हा तुझा विषय तिथल्या जमिनीत किंवा आकाशात आहे. किरुनात स्वीडनची अवकाश भौतिकी संस्था आहे आणि गावापासून जवळच एसरेंज हे रॉकेट आणि बलून सोडण्याचं केंद्र आहे. तिथे अवकाश अभियांत्रिकी शिकणाऱ्याला उपकरणं हाताळायला मिळतात. खनिज, धातुकाम, लाकूड, थंड प्रदेशातलं बांधकाम यांचंही तसंच. किरुनातली लोखंडाची खाण आणि लुलेओतला पोलाद कारखाना यांच्याशी विद्यापीठाचं जुनं नातं आहे. पण तुझ्या यादीतला तिसरा अभ्यासक्रम, डेटा सायन्सचा, दक्षिण स्वीडनमध्येही मिळतो. तिथे कंपन्या जास्त आणि इंटर्नशिपही जास्त. त्यासाठी एवढं लांब जाऊ नकोस.

एकाच उद्योगावर उभ्या असलेल्या गावाचा धोकाही समजून घे. शेलेफ्तेओत नॉर्थव्होल्टच्या बॅटरी कारखान्याकडे बघून कितीतरी लोकांनी बेत आखले होते. मार्च 2025 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गावात नोकरी देणारी दुसरी मोठी कंपनी नसली की पदवीनंतर गाव सोडावंच लागतं. अर्धवेळ कामाचं उत्पन्न तर हिशोबात धरूच नकोस. वर्गात इंग्रजी चालते, पण दुकानात, हॉटेलात, वृद्धाश्रमात काम हवं तर स्वीडिश यावी लागते.

आता अर्जाचं. सगळे अर्ज स्वीडनच्या एकाच सामाईक संकेतस्थळावरून जातात. शरद सत्रासाठी मुदत साधारण 15 जानेवारीला संपते. शुल्क आणि कागदपत्रं फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. अर्जशुल्क 900 स्वीडिश क्रोना. पदव्युत्तरसाठी पहिल्या फेरीत चार पर्याय देता येतात आणि त्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे: वरच्या पर्यायाला प्रवेश मिळाला की खालचे आपोआप रद्द होतात. तेव्हा "इथे नक्की मिळेल" म्हणून नावडता पर्याय पहिला टाकू नकोस.

तू शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणून पदवी कधी पूर्ण होणार याचं पत्र लागेल. प्राचार्यांच्या सहीचं पत्र पुरेल असं धरून चालू नकोस; ते विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयातून घे. आपल्याकडे त्याला कधी कधी आठवडेच्या आठवडे लागतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्येच अर्ज दे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 6.5 आणि कोणत्याही भागात 5.5 पेक्षा कमी नको. गणिताचे किती श्रेयांक लागतात हेही पाहा. चांगले गुण असूनही कित्येक मुलं इथेच अडकतात, कारण विषयांचा तपशील अर्जातून कळत नाही. अभ्यासक्रमाची प्रत जोडायची सोय असेल तर जोड.

घराची चौकशी शुल्क भरण्याआधी कर. किरुनात खाणीमुळे जमीन खचत असल्याने गावाचा मध्यभागच दुसरीकडे हलवावा लागला आहे, 2025 मध्ये तिथलं जुनं लाकडी चर्चही अख्खं हलवलं. अशा गावात घर चटकन मिळत नाही. विद्यापीठ शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांना खोली देतं का, त्याच गावात देतं का आणि किती महिन्यांसाठी, हे लेखी घे.

अंधाराचं सांगते तेही मनावर घे. लुलेओत डिसेंबरअखेर जेमतेम तीन तास उजेड असतो. किरुनात तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ तीन आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. थंडीचे कपडे पुण्यातून नेऊ नकोस, तिथेच जुन्या वस्तूंच्या दुकानात घे. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे मात्र पहिल्याच महिन्यात घे. प्रवासातही सावकाशीची सवय ठेव. डिसेंबर 2023 मध्ये खनिजाची मालगाडी घसरली आणि किरुना ते नॉर्वेतलं नार्विक हा लोहमार्ग दोन महिने बंद राहिला. पर्यायी मार्ग कमी असल्याने असं होतं. परतीचं विमान पकडायचं असेल तर एक दिवस हाताशी ठेव.

शेवटी तुझ्या पासपोर्टची अंतिम तारीख बघ. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपुढचा मिळत नाही. परवाना वर्षभरापेक्षा कमी मुदतीचा आला, तर तिथला व्यक्तिक्रमांक, म्हणजे आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक, मिळायला अडचण येते. तो नसला की बँक खातं, मोबाइलचा करार, दवाखान्यातला तिथल्या रहिवाशांचा दर, सगळंच अडतं. दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर अर्जाआधीच नवा पासपोर्ट काढ, म्हणजे सगळ्या कागदांवर एकच क्रमांक राहील.

तुझी,
ताई