असलं पुस्तक मुलीच्या हातातून काढून घ्यावं का?

"मॅडम, पुस्तक काढून घेऊ का तिच्याकडून?" मी समुपदेशक, आणि अलीकडे इतक्या आयांनी मला हे विचारलं आहे की त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. पुस्तकं वेगवेगळी असतात, काळजी एकच. मुलगी नववी-दहावीत, वाचनाची आवड. कुठून तरी एखादी कादंबरी आणते आणि तिच्यात मुलींची विक्री, कुंटणखाना, मारझोड असं सगळं असतं. मग मुलगी गप्प होते, रात्री दिवा मालवू देत नाही आणि घर हादरतं.

मैत्रेयीच्या घरी (नाव आणि तपशील बदलले आहेत) पुस्तक होतं पॅट्रिशिया मॅककॉर्मिक यांचं 'सोल्ड'. कुमारवयीन वाचकांसाठीची ही कादंबरी २००६ साली अमेरिकेत आली. नेपाळच्या डोंगरातल्या खेड्यातली तेरा वर्षांची लक्ष्मी आपली गोष्ट छोट्या छोट्या मुक्तछंदी तुकड्यांत सांगते. घरावर पत्र्याचं छप्पर यावं ही तिच्या आईची केवढी तरी मोठी इच्छा. पावसात भातशेती वाहून जाते, सावत्र बाप जुगारी, आणि पोरीला शहरात 'कामाला' पाठवायचं ठरतं. धुणीभांडी करून आईला पैसे पाठवू या आशेवर निघालेली लक्ष्मी पोचते कोलकात्याच्या कुंटणखान्यात. तिथे तिच्या नावावर कर्ज मांडलेलं असतं, आणि ते काही केल्या फिटत नाही.

मैत्रेयी पंधरा वर्षांची. पुस्तक वाचल्यापासून तिची झोप उडाली होती. मुलीला कुणी पळवून नेईल अशी धास्ती बसली आहे, असा आईचा अंदाज होता. म्हणून तिने पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं आणि क्लासला सोडायला स्वतः जाऊ लागली. झोप काही आली नाही.

भेटीआधी मी कादंबरी वाचून काढली. मूल ज्या पुस्तकाने अस्वस्थ झालं आहे ते न वाचता त्याच्यासमोर बसणं मला पटत नाही. 'कशाची भीती वाटते?' हेही मी सहसा विचारत नाही, कारण मग मोठ्यांना अपेक्षित असलेलीच भीती मुलं सांगून मोकळी होतात.

"अर्धवट सोडलंस का पुस्तक?"

"नाही. दोनदा वाचलं."

"मग पुन्हा पुन्हा कुठल्या पानावर जातेस?"

"हिशेबाच्या."

आईला धास्ती होती अत्याचाराच्या पानांची. मुलगी अडकली होती ती लक्ष्मी वहीत आकडेमोड करते तिथे. लक्ष्मी अभ्यासात हुशार. किती दिवसांत कर्ज फिटेल हे ती मांडते आणि मग तिला कळतं की खाणं, कपडे, औषध, सगळं त्याच खात्यावर चढतंय.

पुढच्या एका भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. मैत्रेयीच्या आत्याकडे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी राहून काम करायची. सगळे तिला 'छोटी' म्हणायचे, खरं नाव मैत्रेयीला माहीत नव्हतं. परराज्यातून तिला एका 'काका'ने आणलेलं, पगारही तोच घेऊन जायचा. गौरी जेवणाच्या दिवशी छोटी ओट्यापाशी खाली बसून केळीची पानं पुसत होती. पुसता पुसता तिने हळूच विचारलं, "दीदी, दो हज़ार महीना, तो बारह हज़ार कितने महीने में?" मैत्रेयी म्हणाली, सहा. छोटी म्हणाली, "मगर काका बोलता है अभी एक साल और।"

तेव्हा मैत्रेयीला त्यात काही वाटलं नव्हतं. पुस्तक त्यानंतर हाती आलं.

"मग झोप कशाने जाते?" मी विचारलं.

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. "मला कळलंय आणि मी गप्प बसलेय. म्हणजे मीपण त्यांच्यातलीच ना?"

आपल्याला त्रास घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या विचारांनी जास्त होतो, हे सांगणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी श्रद्धा आहे आणि अशा क्षणी ती आणखी पक्की होते. पुस्तक तिला जागवत नव्हतं. 'छोटीला मीच सोडवलं पाहिजे, आणि ते जमत नाही म्हणून मी वाईट' हे वाक्य ती रोज रात्री स्वतःला ऐकवत होती. छोटीची कळकळ वाटणं उत्तमच, ती पुसायची नव्हती. फक्त 'मीच' आणि 'मी वाईट' एवढं सोडवायचं होतं. मी तिच्यापुढे कागद सरकवला आणि म्हटलं, पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात जे खरंच आहे तेवढंच लिही. तिने बरंच लिहिलं, खोडलं. शेवटी उरलं, 'बाबांना सांगणं.'

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं मोठ्यांचं काम."

त्या रात्री ती झोपली, असं आईने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. छोटीसाठी तोवर कुणी काहीही केलेलं नव्हतं. परिस्थिती तीच होती, बदलला तो तिचा विचार. माझ्या दृष्टीने या केसमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आईला मनवणं जास्त अवघड गेलं. "वन्संना कोण बोलणार? त्या मारत-बिरत नाहीत हो, पोटभर जेवायला घालतात." मी स्पष्ट सांगितलं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सगळ्याच कामांना. फसवून, शोषणासाठी माणूस इकडून तिकडे नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी व्यापार ठरतो, आणि मुलगी आनंदाने आली होती की नव्हती याने कायद्याला फरक पडत नाही. मैत्रेयीच्या बाबांनी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन केला. छोटीला बालकल्याण समितीपुढे नेलं गेलं. त्या दिवाळीत आत्या माहेरी आली नाही. बाबांना ते लागलं, तरी त्यांनी निर्णय बदलला नाही.

तेव्हा, आयांनो, पुस्तक काढून घेऊ नका. आधी स्वतः वाचा, मग मुलीला पान विचारा. 'हे तिकडचं, आपल्याकडे नाही' असं तर मुळीच सांगू नका. १९९६ साली मुंबईत कामाठीपुऱ्यातून मुलींची सुटका झाली तेव्हा त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. परत गेलेल्यांपैकी काहींनी काठमांडूत 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली आणि २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे मी मैत्रेयीला सांगितलं, तुम्हीही मुलींना सांगा. सुटून आलेल्या बायकांनी पुढे काय केलं हे कळलं की हतबलता बरीच ओसरते.

कादंबरीतून आणखी एक गोष्ट मुलींशी बोलून घ्या. लक्ष्मीला नेणारी बाई गोड बोलते आणि स्वतःला मावशी म्हणवून घेते. अनोळखी माणसापासून जपा, एवढं सांगून भागत नाही. नोकरीचं, मॉडेलिंगचं, लग्नाचं आमिष दाखवून 'घरी सांगू नकोस' म्हणणारा माणूस ओळखीचा असला तरी घरी सांगायचंच.

वयाचं म्हणाल तर नववीच्या आधी मी हे पुस्तक सुचवत नाही. वाचल्यावर चार-दोन रात्री अस्वस्थ जाणं साहजिक आहे, त्याला आजार समजू नका. मात्र मुलगी अत्याचाराच्या पानांवरच अडकली असेल, कुणी जवळ आलं की दचकत असेल, जेवण तुटलं असेल किंवा एखाद्या नातेवाइकाकडे जायचं टाळत असेल, तर तिला तिचंच काही आठवत असण्याची शक्यता आहे. तेव्हा उलटतपासणी नको. 'तुझ्यावर माझा विश्वास आहे' एवढं म्हणा आणि त्याच आठवड्यात तिला समुपदेशकाकडे घेऊन या.